नवी मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एक, तास अनेक

मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातले हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. सहारचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यामधल्या, पृथ्वीच्या पाठीवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेचा हा आकडा. प्रत्यक्षात कोणतेही प्रवासी विमान नेमके एवढेच अंतर कापत नाही आणि कोणाही प्रवाशाचा प्रवास विमानाच्या दारात सुरू होऊन विमानाच्या दारात संपत नाही. म्हणूनच ‘किती लांब’ याचे उत्तर ठरलेले असले, तरी ‘किती वेळ’ याचे उत्तर वारा, ऋतू, शेजारी देशांचे आपसांतले संबंध आणि वाशीच्या खाडीपुलावरची वाहतूक यांवर अवलंबून राहते.

अंतराचा हिशेब अक्षांश-रेखांशांवरून होतो. सहार १९.१ अंश उत्तर आणि ७२.९ अंश पूर्व, केनेडी ४०.६ अंश उत्तर आणि ७३.८ अंश पश्चिम. या दोन ठिकाणांमध्ये पृथ्वीच्या केंद्राशी ११२.७ अंशांचा कोन होतो. बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावर, एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. दोन्हींचा गुणाकार केला की वरचा आकडा हाती येतो. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने काही किलोमीटर इकडेतिकडे होतात, पण साडेबारा हजारांच्या हिशेबात त्यांना फारसे महत्त्व नाही.

ही जवळची वाट नेमकी कुठून जाते, याबद्दल शाळेच्या भिंतीवरचा नकाशा हमखास फसवतो. नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाते. नेहमीच्या मर्केटर नकाशावरच्या या सरळ रेघेने खरोखर उडायचे ठरवले तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील, म्हणजे साडेसोळाशेहून अधिक किलोमीटर जास्त. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की खरी वाट दिसते. मुंबईहून निघालेला दोरा पश्चिमेला न जाता उत्तर-वायव्येला वळतो. सौराष्ट्र आणि कच्छची कड, सिंध, क्वेट्ट्याचा परिसर, अफगाणिस्तानातले हेरात, तुर्कमेनिस्तानचे वाळवंट, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मॉस्को, सेंट पीटर्सबर्गच्या आसपासचा प्रदेश, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळचा समुद्र, लॅब्राडोर आणि मग न्यूयॉर्क. आइसलँडजवळ ही वाट जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत पोहोचते. अमेरिकेच्या विमानात बसलेल्याला खिडकीतून कधीकधी बर्फ का दिसते, याचा उलगडा इथे होतो.

नवी मुंबईच्या बाबतीत एक छोटा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. उलवे-पनवेल परिसरातला नवा विमानतळ सहारपासून सरळ रेषेत सुमारे २४ किलोमीटर आग्नेयेला आहे. न्यूयॉर्कची वाट उत्तर-वायव्येला असल्यामुळे या २४ पैकी साधारण २० किलोमीटर अंतरात भर घालतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला त्यासाठी दीड मिनिटही लागत नाही. उलव्याहून उडावे की सहारहून, हा प्रश्न विमानाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीच. खारघर किंवा पनवेलहून निघणाऱ्या घराच्या दृष्टीने मात्र तो तासांचा आहे.

आता वेळ. बोइंग ७७७ किंवा एअरबस ए-३५० सारखी लांब पल्ल्याची विमाने आवाजाच्या वेगाच्या साधारण ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातात. त्या उंचीवर हे ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास पडते. १२,५३० ला ९०० ने भागले की तेरा तास पंचावन्न मिनिटे येतात. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात मात्र मुंबई-न्यूयॉर्कसाठी साधारण साडेपंधरा ते साडेसोळा तास आणि परतीसाठी चौदा ते पंधरा तास दिसतात. वेळापत्रकातला काळ ‘ब्लॉक टाइम’ असतो : विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा जागेवर उभे राहेपर्यंतचा. धावपट्टीकडे रांगेत सरकणे, चढण, उतरताना घातलेले वळसे हे सगळे त्यात येते, आणि केनेडीसारख्या गजबजलेल्या विमानतळावर ते थोडेथोडके नसते. पण जातानाच्या दीड ते अडीच तासांच्या फरकातला मोठा वाटा उचलतात वारा आणि बंद आकाश.

उत्तर गोलार्धात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात, आणि त्यांच्या गाभ्यात ताशी दोनशे किलोमीटरचा वेगही अपवादात्मक नसतो. भारतातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जाणारे विमान त्यांच्या तोंडाला तोंड देत जाते, परतताना तोच वारा पाठीशी घेते. संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी ५० किलोमीटरचा समोरचा वारा धरला, तर जमिनीच्या मानाने वेग ८५० उरतो आणि उड्डाणाला पावणेपंधरा तास लागतात. पाठीचा वारा असेल तर वेग ९५० होतो आणि सव्वातेरा तासांहून थोडे कमी पुरतात. तीच वाट, तेच विमान आणि फरक दीड तासाचा. यात आणखी एक खोच आहे. जाताना वारा जेवढा वेळ खातो तेवढा येताना परत करत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असते. वरच्या उदाहरणात जाताना सुमारे पन्नास मिनिटे जातात आणि येताना जेमतेम पंचेचाळीस वाचतात. म्हणून उड्डाणाची आखणी करणारे नकाशावरची सर्वांत जवळची वाट शोधत नाहीत. त्या दिवशीच्या वाऱ्यांत सर्वांत कमी वेळ आणि इंधन घेणारी वाट शोधतात. दोनशे किलोमीटर लांब पण वाऱ्यातून सुटणारी वाट अनेकदा स्वस्त पडते. अटलांटिकवरच्या वाटा तर या कारणाने दररोज नव्याने ठरतात.

वाऱ्याचा अंदाज बांधता येतो, राजकारणाचा येत नाही. बृहद्वृत्ताची वाट ज्या देशांवरून जाते त्यांची नावे पुन्हा पाहिली की अडचण लक्षात येते : पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र भारतीय विमानांना बंद केले. याआधी बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तसेच झाले होते. याचा फटका दिल्लीला जास्त बसतो. दिल्लीहून पश्चिमेला निघालेले विमान तासाभरात पाकिस्तानच्या सीमेशी येते, त्यामुळे त्याला आधी दक्षिणेला गुजरातकडे वळून मग अरबी समुद्र गाठावा लागतो. मुंबई मुळातच समुद्रावर आहे. इथले विमान थेट अरबी समुद्रावरून आखाताकडे वळते आणि पुढे पश्चिम आशिया व युरोपवरून अटलांटिक गाठते. लांब पल्ल्याची दिल्ली-वॉशिंग्टन सेवा एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली, त्यामागे विमानांच्या तुटवड्याबरोबर हे बंद आकाशही होते. नकाशावर दिल्ली न्यूयॉर्कला मुंबईपेक्षा जवळ आहे. अशा काळात तो फायदा बराचसा विरून जातो.

पण आखाताची वाटही कायम मोकळी असते असे नाही. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ले केले आणि इराणचे आकाश एकाएकी बंद झाले. त्या दिवशी मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतून मुंबईला परतले आणि न्यूयॉर्कहून मुंबईला येणारे जेद्दाहला वळवावे लागले. काही तास हवेत घालवून पहिल्या विमानातले प्रवासी जिथून निघाले तिथेच उतरले, म्हणजे अंतर कापले गेले आणि प्रवास शून्य. रशियाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही, भारतीय कंपन्यांना ती बंदी नाही. युनायटेडने आपली नेवार्क-मुंबई सेवा त्याच वर्षी थांबवली. एकाच जोडीच्या शहरांमधला वेळ विमानाच्या शेपटीवर कोणत्या देशाचे नाव आहे यानेही बदलतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

या बाबतीत मराठी माणसाच्या ओळखीचे आणखी एक उदाहरण इस्रायलचे आहे. रायगड जिल्ह्यातल्या गावांतून आलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली लोक मोठ्या संख्येने तिथे स्थायिक झाले आहेत. मुंबई ते तेल अवीव हे अंतर अवघे ४,०५० किलोमीटर, आणि सरळ वाट ओमान-सौदी अरेबियावरून जाते. इस्रायली विमानांना हे आकाश वर्षानुवर्षे बंद होते, त्यामुळे एल अल कंपनीचे विमान तांबड्या समुद्रातून एडनच्या आखाताला वळसा घालून मुंबईला येई आणि पाच-सव्वापाच तासांच्या प्रवासाला सात-आठ तास लागत. मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली-तेल अवीव विमानाला सौदीने परवानगी दिली. जुलै २०२२ मध्ये सौदीने आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमानने इस्रायली विमानांनाही आपले आकाश खुले केले. दोन शहरे जागची हलली नाहीत, तरी सुमारे दोन तासांनी जवळ आली.

विमानांचा वेग वाढल्यामुळे जग जवळ आले, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या : अठ्ठावन्न दिवस. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले, तेव्हा त्याला पंखे फिरवणारी चार इंजिने होती आणि वेग आजच्या जेटच्या निम्म्याच्या आसपास. मे १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. खरी उडी तीच. ७०७ चा वेग आजच्या विमानांच्या वेगाएवढाच होता, किंबहुना काकणभर सरसच. त्यानंतरच्या सहा दशकांत प्रवासी विमान वेगवान झालेले नाही. आवाजाहून दुप्पट वेगाचे कॉन्कॉर्ड आले, महागात पडले आणि २००३ मध्ये थांबले. मग वेळ कमी झाला तो कशाने? थांबे गेले म्हणून. इंजिने कमी इंधनात जास्त लांब जाऊ लागली, आणि मधले उतरणे, इंधन भरणे, पुन्हा चढणे हे सगळे गळून पडले. मुंबई-न्यूयॉर्क थेट सेवा २००६ च्या अखेरीस डेल्टाने आणि १ ऑगस्ट २००७ पासून एअर इंडियाने सुरू केली. थेट जाणे शक्य व्हायला विमानयुगाची शंभरेक वर्षे लागली.

थेट उड्डाणाची किंमत इंधनात मोजावी लागते. बोइंग ७७७-३०० ईआर विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३५१ टन असते. न्यूयॉर्कला जाताना त्यातले शंभर टनांहून अधिक वजन निव्वळ इंधनाचे. शेवटच्या तासासाठी लागणारे इंधन आधीचे पंधरा तास वाहून न्यायचे असते, आणि ते वाहण्यासाठीही इंधन जळते. त्यातच हवा तापली की विरळ होते, पंखांना मिळणारी उचल आणि इंजिनांची ताकद दोन्ही घटतात. मुंबईहून अमेरिकेची विमाने रात्री उशिरा सुटतात त्याला पलीकडे सकाळी पोहोचण्याची सोय हे मोठे कारण आहेच, पण भरलेल्या विमानाला थंड हवा मानवते हेही आहे. इतक्या लांबच्या उड्डाणावर नियमांनुसार वैमानिकांची जादा फळी ठेवावी लागते, म्हणजे एक जोडी विमान चालवत असताना दुसरी आतल्या बिछान्यात विश्रांती घेते.

थांबा घेऊन जाणारी वाट फार लांबची असते, असा समजही तपासून पाहावा. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-न्यूयॉर्क सुमारे ११,०२० : बेरीज १२,९५०. लंडनमार्गे गेले तर ७,२१० आणि ५,५४०, म्हणजे १२,७५०. थेट वाटेपेक्षा ही अंतरे दोन ते साडेतीन टक्क्यांनीच जास्त, कारण दोन्ही शहरे त्या कमानीपासून फार दूर नाहीत. विमानाचा जादा वेळ पंधरा मिनिटे ते अर्धा तास. तरीही एकूण प्रवास वीस-बावीस तासांवर जातो तो उतरणे, सुरक्षा तपासणी, पुढच्या विमानाची वाट पाहणे आणि पुन्हा चढणे यांत. दुबईच्या विमानतळावर चार तास बाकावर बसलेल्या प्रवाशाच्या तिकिटावर किलोमीटर फारसे वाढलेले नसतात. पण त्या थांब्यामुळे तिकीट बरेचदा स्वस्त पडते, आणि सांधेदुखीच्या वयस्कर आईवडिलांना मध्ये पाय मोकळे करायला मिळतात, हीसुद्धा जमेची बाजू.

सॅन फ्रान्सिस्कोचे गणित आणखी गमतीचे. मुंबईहून ते सुमारे १३,५०० किलोमीटर आहे, आणि सर्वांत जवळची वाट पश्चिमेला नव्हे तर उत्तर-ईशान्येला, चीन आणि सायबेरियावरून आर्क्टिककडे जाते; विमाने मात्र वाऱ्यासाठी पूर्वेची, उत्तर प्रशांत महासागरावरची वाट धरू शकतात. अमेरिकेतल्या दोन मुलांकडे जायला निघालेले एकाच घरातले दोघे, एक न्यू जर्सीला आणि एक कॅलिफोर्नियाला, घरातून उलट दिशांना उडू शकतात. पूर्वेची वाट धरल्याने जेट प्रवाह जातानाच पाठीशी मिळतो. म्हणून अंतर हजार किलोमीटरने जास्त असूनही वेळ त्या प्रमाणात वाढत नाही. बाकी ठिकाणांचे थोडक्यात : सिडनी सुमारे १०,१५० किलोमीटर, मराठी वस्ती असलेला मॉरिशस ४,७००. न्यूयॉर्कशी तुलना करायची तर सिंगापूर-न्यूयॉर्क हे जगातल्या सर्वांत लांब थेट उड्डाणांपैकी एक, सुमारे १५,३०० किलोमीटरचे, अठरा तासांच्या वर जाते.

घड्याळाचा घोळ वेगळाच. भारतीय प्रमाणवेळ न्यूयॉर्कच्या हिवाळी वेळेपेक्षा साडेदहा आणि उन्हाळी वेळेपेक्षा साडेनऊ तास पुढे असते. मार्च ते नोव्हेंबर या काळात अमेरिका घड्याळ एक तास पुढे करते, भारत करत नाही. त्यामुळे जानेवारीत रात्री एकला मुंबई सोडलेले विमान साडेसोळा तास उडून त्याच तारखेला सकाळी सातला न्यूयॉर्कला पोहोचते, आणि घड्याळ पाहणाऱ्याला प्रवास सहा तासांचा वाटतो. परतीला सकाळी अकराला निघून चौदा तासांनी उतरले की मुंबईत दुसऱ्या दिवसाचे साडेअकरा वाजलेले असतात. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, हे माहीत नसल्याने न्यायला येणारे नातेवाईक चुकीच्या तारखेला विमानतळावर पोहोचल्याची उदाहरणे अनेक घरांत सापडतील. मुंबईला तर १९५५ पर्यंत स्वतःची वेळ होती, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे.

आता उरतो जमिनीवरचा भाग, आणि नवी मुंबईकराच्या दृष्टीने तोच सर्वांत अनिश्चित. वाशीपासून सहार अवघे पंचवीसेक किलोमीटर, पनवेलपासून चाळीसच्या पुढे. वाट ठरलेली : सायन-पनवेल महामार्ग, वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, छेडानगर, पुढे सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, नाहीतर ऐरोलीचा पूल आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. पहाटे हे अंतर पाऊण तासात कापता येते, संध्याकाळी सात-आठला दोन तासही अपुरे पडतात. रात्री एकच्या विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे म्हणजे दहाला. त्यासाठी खारघरहून साडेसातला निघणे हा धोका टाळण्याचा हिशेब, आणि पावसाळ्यात त्याहूनही आधी. पाठीच्या वाऱ्याने दिलेले पंचेचाळीस मिनिटांचे बक्षीस छेडानगरच्या सिग्नलला परत जमा होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हा टोलच्या रांगेतला वेळ वाचला. पुढची कोंडी कायम आहे.

उलव्याच्या विमानतळाचा विचार मुंबईतल्या दोन एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांवर वाढलेल्या भाराने सुरू झाला. सिडकोच्या पुढाकाराने सुमारे १,१६० हेक्टरांवर, उलवे टेकडी कापून आणि उलवे नदीचे पात्र वळवून तो उभा राहिला. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी भूमिपूजन, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणे, तीही सुरुवातीला देशांतर्गत आणि दिवसाच्या ठरावीक तासांत. त्याची ३,७०० मीटरची धावपट्टी सहारच्या मुख्य धावपट्टीहून सुमारे अडीचशे मीटरने लांब आहे, आणि भरगच्च इंधन घेऊन उडणाऱ्या विमानाला हा जादा पल्ला कामाचा आहे. दोन समांतर धावपट्ट्यांची अंतिम आखणी आहे; त्यांवरून एकाच वेळी उड्डाणे आणि उतरणे चालू शकते, जे एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांवर जमत नाही. आकाशात घिरट्या घालण्यात जाणारा वेळ कमी होण्याची शक्यता इथे आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीहून थेट चिरल्याला येतो, त्यामुळे दक्षिण मुंबईकरांनाही उलवे आवाक्यात आले. पुण्याहून येणाऱ्यांचा फायदा तर उघड आहे : द्रुतगती मार्ग पनवेललगत संपतो, आणि मुंबईच्या पोटातून सहारपर्यंत घुसण्याचे शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर वाचतात.

न्यू जर्सीच्या बाजूलाही हाच हिशेब उलटा चालतो. एडिसन आणि आसपासच्या गावांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना केनेडीपेक्षा नेवार्क विमानतळ सोयीचा, कारण केनेडीहून येताना न्यूयॉर्क शहरातले पूल आणि बोगदे ओलांडावे लागतात. मुंबईपासूनचे हवाई अंतर दोन्हींचे जवळजवळ सारखेच आहे. त्यामुळे तिकीट काढताना तिकडे राहणारी मुलगी ‘नेवार्कचेच बघा’ म्हणते, तेव्हा ती गाडीतल्या तास-दीड तासाचा हिशेब करत असते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे जाळे उलव्याला पुरेसे वाढल्यावर खारघरच्या घरातून निघणारा हिशेबही तसाच होईल : विमानाच्या वेळेत दीड मिनिटाची भर, आणि रस्त्याच्या वेळेत निदान एका तासाची बचत.